तिसऱ्या वळणावरचा वारा

माकडाविरुद्ध लेखी तक्रार करायची झाल्यास ती नेमकी कोणाच्या नावे करावी, हा प्रश्न शरच्चंद्र गानूंना मंगळवारी सकाळी साडेदहाला पडला. माकड खरं असतं तर अडचण नव्हती. भटकी कुत्री, ठिबकणारा नळ, वाकलेला विजेचा खांब, ऱ्हस्व-दीर्घाची वाट लावलेली दुकानाची पाटी, या सगळ्यांविरुद्ध कुठे आणि कोणत्या नमुन्यात अर्ज करायचा हे सरांना तोंडपाठ होतं. पण हे माकड व्हिडिओ गेममधलं होतं, आणि त्याने गेल्या दोन दिवसांत सरांची कळशी एकशे बारा वेळा पाडली होती. आकडा अंदाजे नाही. सरांनी वहीत पाचापाचाच्या जुड्या करून रेघा मारून ठेवल्या होत्या.

आता एका निवृत्त गणित शिक्षकाने, कोथरूडसारख्या सभ्य वस्तीत, ऐन सकाळी व्हिडिओ गेम का खेळावा, हे सांगणं भाग आहे. दोष मुलीचा होता. निदान सरांचं मत तसं होतं.

श्यामला ही त्यांची एकुलती एक मुलगी. वारज्यातल्या एका छोट्या कंपनीत ती गेम बनवायची. तीन वर्षं खपून तिने एक गेम रचला होता, नाव ‘कळशी’. एक म्हातारी पाण्याने भरलेली कळशी डोक्यावर घेऊन गड चढते. बस्स. गोळीबार नाही, गाड्या नाहीत, राक्षस नाहीत. पायऱ्या निसरड्या, पहिल्या वळणावर म्हैस, दुसऱ्यावर माकड, तिसऱ्यावर वारा. पाणी निम्म्याच्या खाली गेलं की म्हातारी मुकाट्याने पुन्हा पहिल्या पायरीशी. मधे कुठे विसावा नाही, ‘इथून पुढे सुरू करा’ नाही. आणि हे सगळं श्यामलाने समजूनउमजून, मुद्दाम तसं ठेवलं होतं.

रविवारी संध्याकाळी तिच्या कंपनीचे मालक सर्जेराव घरी आले. पस्तिशीचा उमदा माणूस, वारज्यात स्वतःचा बंगला, त्याच्याच वरच्या मजल्यावर कंपनी. कानात फोनचं बोंडूक कायम खुपसलेलं, त्यामुळे ते कोणाशी बोलताहेत हे समोरच्याला दोन वाक्यांनंतर कळायचं.

“श्यामला, डेटा बघ,” पोह्यांची बशी हातात घेऊन ते म्हणाले. “शंभरातले ब्याऐंशी लोक तिसऱ्या वळणावर गेम डिलीट करतात. माणसं दिवसभर ऑफिसात बोलणी खातात. घरी येऊन म्हातारीकडून पण? मी म्हणतो, एक बटण टाकू. ‘सोपं करा’. दाबलं की पाणी सांडतच नाही. सिंपल.”

“मग कळशी कशाला? रिकामी पिशवी द्या तिच्या हातात,” श्यामला म्हणाली. “सर्जेराव, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मी अक्षरं मोठी केली. ज्यांची बोटं आखडतात त्यांच्यासाठी बटणं मोठी केली. तो अवघडपणा माझ्या चुकीचा होता, मी काढून टाकला. पण पाणी सांडतं, म्हणून तर चढण्याला अर्थ आहे.”

गानू सर त्या वेळी हॉल ते गॅलरी अशा येरझाऱ्या घालत, दर फेरीअखेर भिंतीवर दोनदा टकटक करून वळत होते. त्यात विशेष काही नव्हतं. सर बसत नसत. पेपर उभ्याने वाचत, चहा चालता चालता पीत, आणि न्हाव्याकडे खुर्चीत बसावं लागतं म्हणून केस तीन तीन महिने वाढू देत. पण श्यामलाचं वाक्य ऐकून ते चक्क थांबले. पस्तीस वर्षं त्यांनी प्रश्नपत्रिका काढल्या होत्या. एका वर्षीच्या पेपरनंतर पोरांनी शाळेच्या हौदात कंपासपेट्या बुडवल्या होत्या, आणि सर ती हकीकत आपल्या सत्काराची असावी तशी सांगत. पेपर अवघड असावा, छपाई नसावी, हे त्यांचं जुनं मत होतं. मुलीच्या तोंडून आपलंच मत ऐकून त्यांना भरून आलं, आणि भरून आलं की ते नको ते बोलत.

“बटणाची काही आवश्यकता नाही,” ते म्हणाले. “हे तर माझ्यासारखासुद्धा करील.”

सर्जेरावांनी बशी खाली ठेवली. “झकास! सर, आपण साठीच्या पुढचे, आपण कधी गेम खेळला नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत माझ्यासमोर वर पोचून दाखवा. बटण नाही, शब्द माझा. नाही जमलं, तर सोमवारी बटण.”

“बाबा, नको,” श्यामला घाईघाईने म्हणाली.

तिने हे म्हणायला नको होतं. ‘नको’ ऐकून माघार घेतलेला गानू त्यांच्या कुळात कोणाच्या ऐकिवात नव्हता. सरांनी सर्जेरावांचा हात हातात घेऊन हलवला आणि तीन वर्षांची मुलीची मेहनत स्वतःच्या दोन अंगठ्यांवर येऊन बसली. सर्जेराव जाताना एक टॅब ठेवून गेले. कोपऱ्यात ते ‘सोपं करा’ बटण नमुन्यादाखल आधीच बसवलेलं होतं. त्याला हात लावायचा नाही, अशी अट सरांनीच वर घातली.

सोमवारची सकाळ म्हशीने खाल्ली. दुपारी माकड आलं, आणि मंगळवारी वर सांगितल्याप्रमाणे तक्रारीचा प्रश्न उभा राहिला. शेवटी सरांनी कंपनीचा तक्रारीचा पत्ता शोधून काढला आणि रीतसर अर्ज पाठवला. ‘विषय : दुसऱ्या वळणावरील माकडाच्या वर्तनाबाबत. महोदय, उपरोक्त माकड कोणतीही पूर्वसूचना न देता...’ वगैरे. संध्याकाळी उत्तर आलं. ‘आपली तक्रार क्रमांक एक निकाली काढण्यात आली आहे. माकड तीन पायऱ्या आधी शेपटी हलवून पूर्वसूचना देते. कृपया पाहावे. श्या. श. गानू.’

उत्तर देणारी शेजारच्या खोलीत बसून काकडी खात होती. पण प्रकरण लेखी असताना तोंडी बोलणं सरांच्या नियमात बसत नव्हतं. त्यांनी अपील केलं. ते ‘वरिष्ठांकडे’ गेलं, आणि या विषयातली वरिष्ठ श्यामलाच असल्याने दहा मिनिटांत फेटाळलं गेलं.

“अगं, बापाला एखादी खूण सांगशील की नाही?” जेवताना त्यांनी अखेर विचारलं. जेवत ते उभ्यानेच होते.

“पेपर काढणाऱ्याने पेपर फोडायचा नसतो, बाबा.”

हे वाक्य सरांचंच होतं. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी तोंडाला पदर लावला आणि आमटी वाढायला उठल्या.

बुधवार उजाडेपर्यंत प्रकरण सोसायटीभर झालं होतं. कारण सर खेळताना ओरडत. दुपारी एक ते चार ही वेळ पुण्यात किती पवित्र असते हे सांगायला नको. अशा वेळी तिसऱ्या मजल्यावरून “माकडा, थांब! तुला बघतोच!” अशा आरोळ्या येऊ लागल्यावर चौथ्या मजल्यावरचे सेक्रेटरी गोपाळकृष्ण सबनीस, जे नुकतेच आडवे झाले होते, त्यांनी त्या व्यक्तिशः घेतल्या. ते छापील नोटीस घेऊन खाली आले.

“गानू, हे शांततेच्या नियमाचं उल्लंघन आहे. शिवाय एकेरीत.”

“तुम्हाला नाही हो, माकडाला म्हणत होतो.”

“कोणत्या माकडाला?”

सरांनी टॅब दाखवला. सबनीसांनी नोटीस बगलेत धरून दहा मिनिटं खेळ पाहिला. मग “तुमचं चुकतंय, डावीकडून घ्या” असं सांगून टॅब स्वतःकडे घेतला आणि सलग चौदा वेळा म्हशीखाली सापडले. पण पुण्यात सल्ला द्यायला यश लागत नाही. संध्याकाळपर्यंत सरांना बरेच सल्ले मिळाले. पूर्वेकडे तोंड करून खेळा, भिजवलेले बदाम खा, अंगठ्यांना एरंडेल चोळा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी प्राणायाम सुचवला, आणि त्यांच्या यजमानांनी सरळ असं विचारलं की, या वयात हे शोभतं का. हा शेवटचा सल्ला नसून प्रश्न होता, आणि तोच सरांना जास्त लागला.

उपयोगाचा माणूस एकच निघाला. तळमजल्यावर राहणारे दादामियाँ. नारायण पेठेत त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, जे आता त्यांचा युसूफ बघायचा. चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून काढल्यामुळे ते अजूनही काही नीट बघायचं झालं की दुसरा डोळा मिटत. त्यांनी एक डोळा मिटून टॅबकडे पाहिलं, परवानगी मागितली आणि तिसऱ्या खेपेला म्हैस व माकड दोघांनाही ओलांडून तिसऱ्या वळणावर जाऊन पोचले. तिथे वाऱ्याने त्यांनाही पाडलं.

सरांच्या चेहऱ्यावर काय आलं असेल ते आलं. पण दादामियाँ सभ्य माणूस, त्यांनी ते पाहिलं नाही.

“सर, आपण माकडाशी भांडता,” ते म्हणाले. “ते कुठे भांडतंय? ते आपलं त्याच्या वाटेने जातंय. जाऊ द्यावं. बारीक स्प्रिंग बसवताना मी घाई केली असती तर निम्म्या पेठेला वेळ कळली नसती.”

मग पस्तीस वर्षं दुसऱ्यांना ‘पुन्हा कर’ म्हणणाऱ्या माणसाने तासभर ते स्वतः ऐकून घेतलं. “पुन्हा, सर.” “घाई झाली, पुन्हा.” अंगठा चुकला की सरांचा हात नकळत वहीतल्या रेघांकडे जायचा, आणि दादामियाँ वही हळूच बाजूला सरकवायचे. शेवटी माकड गेलं. वारा मात्र दोघांनाही उलगडेना. म्हातारी त्या वळणावरच्या बुरुजाशी पोचली की तो सुटायचा. डावीकडे तोल घ्यावा तर कळशी उजवीकडे कलंडे. उजवीकडे घ्यावा तर डावीकडे. पळावं तर दोन पावलांत रिकामी.

“इथे आपण काहीतरी करतोय, जे करायचं नाहीये,” एवढं म्हणून दादामियाँ नमाजाला गेले.

सरांनी ते ऐकलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर शुक्रवार होता. आपण हरलो तर हरलो, पण पोरीचा गेम आपल्या बढाईपायी बुडणार, या विचाराने त्यांचे पाय एका जागी ठरेनात. अंगठे सुजले होते, डोकं ठणकत होतं, आणि रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली की एकदाही नाही हे आठवत नव्हतं. आनंदीबाईंनी त्यांना जबरदस्तीने आंघोळीला पाठवलं. परत येऊन त्यांनी पुन्हा टॅब उचलला.

आणि सर वर पोचले. म्हैस, माकड, वारा, सगळं मागे टाकून एका दमात वर. पडद्यावर चार फुगे उडाले आणि ‘शाब्बास!’ अशी पाटी आली.

सर प्रथम सोफ्यावर बसले. पाठ टेकून बसले. मग उठून त्यांनी पायात चपला सरकवल्या, कोपऱ्यावरून पेढे आणले आणि चारही मजल्यांवर स्वतः वाटले. या वयात हे शोभतं का म्हणणाऱ्या गृहस्थांना दोन दिले. सोसायटीच्या फलकावर त्यांनी स्वहस्ते लिहिलं : ‘कळविण्यास आनंद होतो की, श्री. शरच्चंद्र गानू (फ्लॅट ९) हे कळशी हा खेळ विनासाहाय्य उत्तीर्ण झाले आहेत.’ रात्री श्यामला आली तेव्हा ते पुन्हा सोफ्यावर पाठ टेकून बसले होते. तिला त्यांनी सगळी हकीकत सांगितली, फुग्यांसकट. तिने पेढा घेतला, पण खाल्ला नाही. मग “छान झालं, बाबा” म्हणाली आणि आत गेली.

गुरुवारी सकाळी दादामियाँ अभिनंदनाला आले आणि म्हणाले, एकदा दाखवाच. सरांनी दाखवलं. दादामियाँचा एक डोळा मिटला. त्यांनी टॅब आणखी जवळ ओढला.

“सर, माकडाने कळशी ओढली,” ते शेवटी हळूच म्हणाले. “पाणी हललं नाही.”

सरांनी पाहिलं. पाणी काठोकाठ होतं. म्हातारी म्हशीवर आपटली, तरी काठोकाठ. कोपऱ्यातलं ‘सोपं करा’ बटण हिरवं झालेलं होतं. खरं म्हणजे ‘शाब्बास’ पाहूनच त्यांना शंका यायला हवी होती. त्या घरात हा शब्द श्यामलाने कधी ऐकला नव्हता, तर ती तो लिहील कुठून?

“मी दाबलं,” आनंदीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. त्यांच्या हातात झारा होता. “काल तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. तीन दिवस तुम्ही अन्न उभ्याने गिळताय. चेहरा लाल. उद्या झालं गेलं काही, तर मी काय म्हातारीला विचारू? एक दिवस माझ्या घरात माणूस हसताना बघायचा होता मला. बघितला. आता काय ओरडायचं ते ओरडा.”

सर ओरडले नाहीत. त्यांना ओरडायला मान वर करावी लागली असती. त्यांनी कामावर निघालेल्या श्यामलाला विचारलं, “तुला कळलं होतं?”

“हो.”

“मग काल बोलली का नाहीस?”

“तुम्ही पाठ टेकून बसला होता, बाबा. मी तसं कधी पाहिलंच नव्हतं.”

ज्या माणसाने एका गुणासाठी मुलांची वर्षं अडवली, त्याच्यावर सगळ्यांनी मिळून दया केली होती. सरांना त्या क्षणी भिंतीत शिरावंसं वाटलं. पण परीक्षेच्या कामात चूक झाली की ती लपवायची नाही, छापायची, ही त्यांची शिस्त. तासाभराने फलकावर नवा कागद लागला. ‘शुद्धिपत्रक : काल येथे प्रसिद्ध झालेला श्री. गानू यांचा निकाल तांत्रिक कारणास्तव रद्द समजावा. फेरपरीक्षा उद्या वारजे येथे होईल. पेढे परत मागितले जाणार नाहीत.’ सबनीसांनी त्यावर सोसायटीचा शिक्का मारला, कारण शिक्क्याशिवाय कागद लावणं नियमाविरुद्ध होतं.

शुक्रवारी तीन वाजता एक रिक्षा वारज्याला पोचली. सर, आनंदीबाई आणि मधे बसणं नको म्हणून कडेला अंग आवळून बसलेले दादामियाँ. सर्जेरावांनी टेबल मोकळं करून ठेवलं होतं. श्यामला कोपऱ्यात उभी राहिली. तिने नखं खायला सुरुवात केली होती, आणि आनंदीबाईंनी डोळे वटारूनही ती थांबली नाही.

चार वाजेपर्यंत सर नऊ वेळा वाऱ्यात पडले. पाच वाजेपर्यंत आणखी अकरा वेळा. त्या खोलीत स्वस्थ असं कोणीच नव्हतं. सर्जेराव फोनवर बोलत टेबलाभोवती फिरत होते, दादामियाँ जपमाळ असल्यासारखी रुमालाची घडी घालत आणि मोडत होते. खाली रस्त्यावर कोणीतरी एकसारखा हॉर्न वाजवत होतं. सर तेवढे खुर्चीत डांबलेले, आणि त्यांचे दोन्ही पाय टेबलाखाली चालत होते.

पाच वाजून वीस मिनिटांनी म्हातारी पुन्हा बुरुजाशी आली. वारा सुटला. सर्जेरावांनी कानातलं बोंडूक काढलं आणि मायेने म्हणाले, “सर, सोडा आता. वाईट वाटून घेऊ नका. अहो, बटण असलं तर कोणाचं काय जातं? ज्याला नको त्याने दाबू नये.”

झालं. सरांनी टॅब टेबलावर ठेवला आणि खुर्ची मागे सारून ते उभे राहिले.

“काय जातं? अहो सर्जेराव, माझं गेलंय, मला विचारा! परवा मला शाब्बासकी मिळाली. पेढे वाटले मी. आणि दुसऱ्या दिवशी कळलं की पाणी सांडतच नव्हतं. मी वाईट खेळलो असतो तरी पोचलो असतो, झोपलो असतो तरी पोचलो असतो! म्हणजे मी तिथे नव्हतोच! एकशे बारा वेळा त्या माकडाने मला पाडलं, पण प्रत्येक वेळी मला पाडलं हो, मला! तुमच्या बटणाने मला उचलून बाजूला ठेवलं. म्हणे, काका, तुम्हाला झेपणार नाही, घ्या फुगा. लोक सोडून जातात? जाऊ देत! माझ्या वर्गातूनही पोरं जायची. पण जो राहायचा, त्याला मी कधी...”

“सर,” दादामियाँ म्हणाले.

“थांबा दादामियाँ, मला बोलू द्या.”

“सर, म्हातारी उभी आहे.”

सगळे टॅबकडे वळले. बुरुजावर म्हातारी शांत उभी होती. कळशी भरलेली होती. वारा पडला होता, आणि तिच्या पदराचं टोक तेवढं अजून हलत होतं. कोणी काही केलंच नव्हतं, म्हणून काही सांडलं नव्हतं.

“एवढंच?” सर पुटपुटले. “हात काढून घ्यायचे, एवढंच?” आणि अत्यानंदाने त्यांनी झडप घालून टॅब उचलला, त्या झडपेत अंगठा लागला आणि म्हातारी पुढच्याच पायरीवरून कोसळली.

सर्जेराव घड्याळाकडे बघत म्हणाले, “सर, तो योगायोग होता.” पण त्यांच्या आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

पाच पस्तीसला सरांनी पुन्हा सुरुवात केली. म्हशीला जाऊ दिलं. माकडाने शेपटी हलवली, ती पाहिली. बुरुज आला, वारा सुटला, आणि शरच्चंद्र गानू आपल्या दोन्ही हातांवर बसले. अक्षरशः. मांड्यांखाली हात दाबून. कळशी हेलकावे खात होती. एक घोट सांडला. हातांना इतकी खाज सुटली की सरांनी मनात एकोणतीसचा पाढा सुरू केला. एकोणतीस एके एकोणतीस. सांडलं आणखी थोडं. एकोणतीस पाचे पंचेचाळाशे. सर्जेरावांनी श्वास रोखला होता. एकोणतीस नव्वे एकसष्टादोनशे, आणि वारा पडला.

उरलेल्या पायऱ्या सर एकेक करून, दादामियाँनी शिकवल्याप्रमाणे, चढले. पावणेसहाला म्हातारी वर पोचली.

वर देऊळ असेल असं सगळ्यांनाच वाटलं होतं. सर्जेरावांनाही, कारण मालक असून ते कधी वर गेलेच नव्हते. देऊळ नव्हतं. फुगे नव्हते, पाटीही नव्हती. एक लहानसं अंगण होतं आणि अंगणात एक माणूस हात पाठीमागे बांधून येरझाऱ्या घालत होता. आठ पावलं इकडे, आठ पावलं तिकडे. फेरी संपली की भिंत जागेवर आहे ना याची खात्री केल्यासारखा बोटाच्या पेराने तिच्यावर दोनदा टकटक करायचा आणि वळायचा. म्हातारीने कळशी उतरवली. फुलपात्र भरून पुढे केलं. माणूस थांबला, पाणी प्याला आणि पायरीवर तिच्या शेजारी बसला. तिथे खेळ संपला.

“अगंबाई!” आनंदीबाई म्हणाल्या. “हे तर हेच!”

सर्जेराव उठले. खिडकीशी जाऊन, कोणाकडे न बघता, “बटण कॅन्सल,” म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

सर पडद्यावरच्या बसलेल्या माणसाकडे बघत होते. “हा मी आहे,” ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता. “आणि म्हातारी कोण?”

“मीच,” श्यामला म्हणाली. “चढून चढून म्हातारी झाले.”

“एवढं चढावं लागायचं तुला? माझ्यापर्यंत यायला?”

“बहुतेक वेळा तिसऱ्या वळणावरून परत जायचे.”

सरांना फार वाईट वाटलं. पस्तीस वर्षांत कोणत्याही मुलाच्या रडण्याने वाटलं नव्हतं इतकं वाईट. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्यांच्याकडे होती ती सगळी वाक्यं ओरडण्याची होती. म्हणून ते नुसते उठले. त्यांनी शेजारची खुर्ची श्यामलासाठी ओढली, ती बसली, आणि मग तेही तिच्या शेजारी बसले.

“तरीच,” आनंदीबाई दादामियाँना हळूच म्हणाल्या, “पहिल्या दिवसापासून मला तो वारा आमच्या घरातलाच, ओळखीचा वाटत होता.”